एकाच रेस्टॉरंटला कुणी ५ स्टार देतं, कुणी १ स्टार. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

सोलापूर : ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली आणि गोव्याची सहल सोलापूरकरांसाठी आणखी जवळ आली. तिकीट आणि हॉटेल ठरलं की पुढचा शोध असतो जेवणाचा. गोव्याच्या किनाऱ्यावर फिश थाळीच्या जोडीला इटालियन, थाई आणि मेक्सिकन जेवण देणारी रेस्टॉरंटही आहेत. पण मेक्सिकन रेस्टॉरंटचे रिव्ह्यू उघडले की अनेकांचा गोंधळ उडतो. एकाला टाको अप्रतिम वाटतो, तर दुसऱ्याला पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. जागा एकच आणि मेन्यूही एकच, मग मतं इतकी टोकाची का?

'मेक्सिकन' म्हणजे नेमकं काय?

गोंधळाचं पहिलं कारण या नावातच आहे. आपल्याकडे मेक्सिकन म्हटलं की कुरकुरीत टाको, भरपूर चीज आणि नाचोज डोळ्यांसमोर येतात. यातला कडक कवचाचा टाको आणि चीजचा मारा हा मुख्यतः अमेरिकेतला अवतार. तिथे त्याला 'टेक्स-मेक्स' म्हणतात. नाचोज १९४३ मध्ये मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासिओ अनाया यांनी पहिल्यांदा बनवले, असं मानलं जातं.

मेक्सिकोतल्या रोजच्या जेवणात मऊ मक्याची टॉर्टिया असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग दळून तिचं पीठ तयार होतं. या पारंपरिक खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

म्हणजे एक ग्राहक नाचोज-चीज मनात धरून येतो, तर दुसरा खऱ्या मक्याच्या टॉर्टियाच्या शोधात असतो. पनीर टाको पहिल्याला आवडतो, दुसऱ्याला ती फसवणूक वाटते. दोघांची प्लेट सारखीच असते, पण स्टार वेगवेगळे पडतात.

सोलापूरकराची जीभ काय सांगते?

खरं तर हे जेवण सोलापूरकराला अगदीच परकं वाटायला नको. मिरची मूळची मेक्सिकोच्या भागातली, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या काळात ही पिकं समुद्रमार्गे भारतात आली आणि पुढे त्यांच्यातूनच सोलापूरची शेंगाचटणी झाली. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागात 'साल्सा माचा' नावाचा प्रकार आहे. सुकी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि तेल. एवढं वाचूनच तोंडाला ओळखीची चव यावी.

पण ओळखीची चव असली की तुलनाही कडक होते. उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेल्या माणसाला बाटलीतला गोडसर सॉस आणि पाकिटातली मैद्याची पोळी पुढे आली तर तो नाराज होणारच. ती नाराजी रास्त आहे. मात्र, ती मेक्सिकन जेवणावर काढण्यापेक्षा त्या स्वयंपाकघरावर काढलेली बरी.

पर्यटनाच्या गावात अनुभव इतके का बदलतात?

गोव्यात गर्दीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात. हंगामापुरते आलेले आचारी आणि वाढपी पुढच्या वर्षी तिथेच असतील याची खात्री नसते. नाताळच्या आठवड्यात किचनवर येणारा ताण आणि जुलैतली निवांत दुपार यांत मोठा फरक असतो. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा ५ स्टार रिव्ह्यू आजच्या जेवणाची हमी देत नाही.

दुसरं म्हणजे, पर्यटक बहुतेक वेळा एकदाच येतो. गल्लीतल्या खानावळीत भाजी खारट झाली तर आपण मालकाला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. पर्यटकाकडे तो दुसरा दिवस नसतो. त्यामुळे तो मालकाशी न बोलता थेट मोबाइलवर राग काढतो. जेवण ठीकठाक असेल तर बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. उरतात ते खूप खूश झालेले किंवा खूप चिडलेले.

सरासरीत काय दडतं?

गणित सोपं आहे. १० पैकी ५ जणांनी ५ स्टार आणि ५ जणांनी १ स्टार दिला तर सरासरी ३. सगळ्या १० जणांनी ३ स्टार दिले तरी सरासरी ३. पहिल्या ठिकाणी जेवण म्हणजे जुगार, दुसऱ्या ठिकाणी ते साधारण असणार हे नक्की. स्क्रीनवर आकडा मात्र एकच.

रिव्ह्यूंची संख्याही पाहावी. १० रिव्ह्यूंवर ४.८ असलेल्या ठिकाणाला आणखी दोघांनी १ स्टार दिला की आकडा ४.२ वर घसरतो. १,२०० रिव्ह्यूंवर ४.३ असलेल्या ठिकाणाला तेच दोन रिव्ह्यू मिळाले तरी आकडा ४.३ च राहतो.

रिव्ह्यू वाचताना काय पाहाल?

• तारीख : शेवटच्या तीन महिन्यांतले रिव्ह्यू आधी वाचा.
• पदार्थाचं नाव : नुसतं 'मस्त' किंवा 'बेकार' यातून काही कळत नाही.
• पुन्हा पुन्हा येणारी तक्रार : एकाने उशिराबद्दल लिहिलं तर तो योगायोग असू शकतो, दहा जणांनी लिहिलं तर ती तिथली पद्धत.
• २ ते ४ स्टारचे रिव्ह्यू : बरं-वाईट दोन्ही बहुतेक इथेच सापडतं.
• ग्राहकांनी टाकलेले फोटो : मेन्यूकार्डच्या फोटोवरून दराचाही अंदाज येतो.

नियम काय सांगतात?

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणलं. पैसे देऊन लिहून घेतलेल्या रिव्ह्यूंना त्यात थारा नाही. मात्र ते ऐच्छिक स्वरूपात आलं, त्यामुळे वाचणाऱ्याने सावध राहिलेलं बरं.

बिलाचा मुद्दा वेगळा. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे निर्देश कायम ठेवले. असा चार्ज दिसला तर तो काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. अन्न खराब असेल तर १ स्टार देऊन थांबू नका. बिलावरचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक टिपून अन्न सुरक्षा यंत्रणेकडे तक्रार करा.

हा प्रश्न सोलापूरचाही

गोव्यात आपण ग्राहक असतो, पण सोलापूर जिल्ह्यात यजमान. पंढरपूर आणि अक्कलकोटला वर्षभर बाहेरून भाविक येतात. कडक भाकरी ही इथली खासियत आहे, हे ठाऊक नसलेला पाहुणा 'भाकरी शिळी होती' असं लिहून १ स्टार देऊ शकतो. हार्वर्डचे अभ्यासक मायकेल लुका यांना सिएटलमधल्या रेस्टॉरंटच्या अभ्यासात एका स्टारच्या वाढीमागे उत्पन्नात ५ ते ९ टक्के वाढ दिसली. लहान खानावळीसाठी एवढा फरक म्हणजे एखाद्या कामगाराचा पगार असू शकतो.

म्हणून जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे. खानावळ चालकाने मेन्यूवर एका ओळीत पदार्थ समजावून सांगावा. गर्दीत उशीर होणार असेल तर आधीच कल्पना द्यावी आणि तक्रारीला सभ्य उत्तर द्यावं. ग्राहकाने काय मागवलं, कधी गेलो, काय खटकलं हे लिहावं. पदार्थ आपल्या सवयीचा नव्हता की खरोखर बिघडलेला होता, एवढा फरक केला तरी पुढच्या माणसाचं काम होतं. आपल्या भाकरीला जो न्याय मिळावा असं वाटतं, तोच दुसऱ्याच्या टॉर्टियालाही द्यायला हवा.