रॅप वाचतं कोण?

मराठी रॅपचे शब्द सगळ्यात बारकाईने कोण वाचतं, ते एप्रिल २०२३ मध्ये कळलं. राज मुंगासे आणि उमेश खाडे यांच्या गाण्यांवर त्या महिन्यात गुन्हे दाखल झाले. मुंगासेच्या गाण्यात ना पक्षाचं नाव, ना नेत्याचं. तरी 'खोके' म्हणजे काय आणि 'चोर' म्हणजे कोण, हे तक्रारदाराला बरोबर उमगलं. व्यंजना ओळखणं म्हणजे दुसरं काय असतं?

आपल्या साहित्यिक मंडळींना मात्र हे अजून वाचावंसं वाटत नाही. एक गट म्हणतो, अमेरिकेची नक्कल. दुसरा प्रेमळ आहे, म्हणून जास्त त्रासदायक. तो 'वंचितांचा आवाज' म्हणून पाठ थोपटतो आणि निघून जातो. एकदा 'आवाज' म्हटलं, की शब्दांकडे बघायची गरजच उरत नाही.

नकलेचं आधी उरकून टाकू. सुनीत केशवसुतांनी इंग्रजीतून आणलं, गझल फारसीतून आली. त्यांना कुणी पासपोर्ट मागत नाही. आमच्या गोंदियाकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, खडी गंमत होते, शाहीर ठेक्यावर चिमटे काढत जातो. आंबेडकरी जलसे आहेत, वामनदादा आहेत. पण ही वंशावळ दाखवून काम भागत नाही. नक्कल नाही हे सिद्ध झालं, तरी गाणं वाचायचं राहतंच.

मुंबईच्या 'स्वदेसी' गटाचा 'चेतावनी' हा अल्बम २०२० साली आला. त्याच गटाच्या २०१९ च्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आरेच्या पाड्यावरचे प्रकाश भोईर गातात, एमसी मवाली रॅप करतो. एकाच्या गळ्यात पिढ्यांची चाल, दुसऱ्याच्या तोंडी शहराचा बीट, आणि प्रश्न एकच, जमिनीचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रातोरात झाडं पाडली गेली.

आमच्या जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे. तिथून ७६५ केव्हीच्या तारा पार मराठवाड्याकडे जातात. एवढं धूड अंगणात उभं असताना त्यावरची एकही मराठी कविता माझ्या वाचनात नाही. सारस, नवेगावचा तलाव, धानाचा वास, हे मात्र भरपूर. मला सारस आवडतो, पण तो त्याच आभाळात उडतो ना?

भाषेचंही तेच. पुण्यातल्या ऑफिसात मी 'येऊन राहिलो' म्हटलं, की अजून कुणीतरी हसतं. स्वदेसीतला सौरभ अभ्यंकर अमरावतीचा. त्याची मराठी आमच्या कानाला ओळखीची वाटते. तीच भाषा बीटवर ताठ उभी राहते, तेव्हा तिला 'रांगडी' म्हणून मोकळं होणारा समीक्षक माझ्या ऑफिसातल्या हसणाऱ्यांच्या रांगेत बसतो. कुठे यमक आडवं तोडलं, कुठे मुद्दाम मात्रा सांडली, हे त्याने सांगावं. कोड रिव्ह्यूमध्ये नुसतं 'छान आहे' लिहिलं, तर कोड वाचलाच नाही असं आम्ही समजतो.

स्वदेसीतला धर्मेश परमार, म्हणजे एमसी तोडफोड, मार्च २०२२ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. गुजरातीत रॅप करायचा. हळहळ पुष्कळ छापून आली. त्याचं कडवं कसं बांधलेलं असायचं, तो श्वास कुठे घ्यायचा, यावरचा मराठी लेख मी अजून शोधतोय.