पाच लिटरचा हिशेब

सुट्टीवरून परतलेला कलीग डेस्कवर बॉक्स उघडून ठेवतो. 'घ्या, कुंथलगिरीचे पेढे आहेत, आमच्या धाराशिवचे!' दोन मिनिटांत बॉक्स फस्त. पण हाच बॉक्स दिवाळीच्या आठवड्यात आला की सीन बदलतो. सकाळीच पेपरात वाचलेलं असतं, 'भेसळयुक्त खव्याचा साठा जप्त'. मग कुणाचं अचानक डाएट सुरू होतं, कुणी 'नंतर घेतो' म्हणून सटकतं, आणि उरलेला बॉक्स पॅन्ट्रीतल्या पोराच्या हातात जातो. आपल्याला नको, त्याला चालेल!

बॉस, ही भीती खोटी नाही. फक्त तिचा नेम चुकतोय.

आधी हा खवा येतो कुठून ते बघू. धाराशिव म्हणजे २०२३ पर्यंतचं उस्मानाबाद. बालाघाटचे डोंगर, बेभरवशाचा पाऊस, त्याहून बेभरवशाची शेती. भूम-वाशीकडच्या कितीतरी घरांना गाई-म्हशींनी हात दिला. पण दूध लगेच नासतं आणि मोठं शहर लांब. मग करायचं काय? आटवायचं! लोखंडी कढई, खाली धगधगती भट्टी आणि हात न थांबवता ढवळत राहायचं. म्हशीचं साधारण ५ लिटर दूध आटलं की किलोभर खवा पडतो. भूम तालुक्यातलं जैन तीर्थक्षेत्र कुंथलगिरी या खव्यासाठी ओळखलं जातं आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय.

आता बनवाबनवीकडे वळू. खवा कशाला म्हणायचं, हे कायद्यात लिहिलेलं आहे. कोरड्या वजनावर किमान ३० टक्के दुधाचं फॅट हवं. पिठूळ स्टार्च, साखर, रंग यातलं वरून काहीही घालायचं नाही. तरीही सणाच्या गर्दीत कुणी स्टार्च मिसळतं, कुणी दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल वापरतं, कुणी खव्याच्या जागी परराज्यातून आलेली स्वस्त 'स्पेशल बर्फी' खपवतं.

यातला एक फरक आपण नेहमी विसरतो. स्टार्च घातलेला खवा ही खिशाची फसवणूक आहे. त्यानं सहसा कुणी हॉस्पिटलात जात नाही. पोटाला खरा धोका असतो तो बिनभेसळीच्या, पण शिळ्या खव्याचा. खव्यात ओल भरपूर. गरम टेम्पोत, फ्रिजशिवाय दोन दिवस काढले की जंतूंची पार्टी सुरू! कायदाही हा फरक करतो. माल 'कमी दर्जाचा' निघाला तर ५ लाखांपर्यंत दंड, 'असुरक्षित' निघाला तर तुरुंगवासही. बातमीत मात्र दोन्हींना एकच शब्द, भेसळ.

दुसरी गोष्ट वेळेची. नमुना हाती आल्यावर अहवाल द्यायला कायद्यानं विश्लेषकाला १४ दिवस दिलेत. जप्तीचा फोटो दुसऱ्याच दिवशी छापून येतो. अहवाल येईपर्यंत फराळाचे डबेही घासून झालेले असतात. त्यात खवा चांगला निघाला, तर त्याची बातमी कोण छापणार?

मॅगी आठवते? ५ जून २०१५ ला केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, शिशाच्या कारणावरून तिच्यावर बंदी आणली. १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टानं ती रद्द केली. कंपनीला नीट म्हणणं मांडू दिलं नव्हतं आणि तपासणी झालेल्या प्रयोगशाळांना मान्यता नव्हती. कोर्टानं तीन मान्यताप्राप्त लॅबमध्ये फेरतपासणी करायला लावली. नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात! नेस्लेकडे हायकोर्टात उभे राहायला वकील होते. भूमच्या भट्टीवाल्याकडे काय आहे? सणात मागणी पडली की त्याच्याकडे आटवलेला माल आणि दुसऱ्या दिवशीचं दूध, दोन्ही शिल्लक. आणि ज्यानं खरंच बनवाबनवी केली, तो पुढच्या सणाला नव्या नावानं हजर.

मग छापे नकोत का? हवेत, आणि फक्त दिवाळीत नाही तर वर्षभर हवेत. पण इन्स्पेक्टर प्रत्येक काउंटरवर उभा राहू शकत नाही. तिथे आपण असतो. आणि आपण विचारतो काय? 'भैया, लास्ट प्राइस?'

इथे एक सोपं गणित करा. तुमच्या सोसायटीत म्हशीचं दूध लिटरला जे पडतं, त्याला पाचनं गुणा. गावात दूध थोडं स्वस्त मिळत असेल, पण वर सरपण, मजुरी आणि वाहतूक आहेच. खवा या आकड्याच्या खूप खाली मिळत असेल, तर तो दुधाचा कसा असेल? पेढ्यात साखर असते, म्हणून त्याला थोडी सूट द्या. बाकी स्वस्तातला खरा खवा ही फक्त जाहिरात.

एवढं कराच

* सुट्ट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. दिसली नाही तर विचारा.
* पॅकवर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर बघा आणि बिल घ्या. बिल नाही तर तक्रारीला पुरावा नाही.
* थोडा खवा पाण्यात उकळा, गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळा झाला तर स्टार्च आहे. टेस्ट केलेला खवा अर्थातच फेकून द्या!
* ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो. फी भरायची आणि विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. माल नियमात बसला नाही तर फी परत.
* शंका आली तर व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड नको. राज्याच्या एफडीएचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५ फिरवा.
* खवा आणला की थेट फ्रिजमध्ये, आणि लवकर संपवा.

यंदाच्या दिवाळीत कलीगनं बॉक्स उघडला की 'डाएट आहे' म्हणू नका. कुठल्या दुकानातून आणला, कधीचा आहे, एवढं विचारा. उत्तर सरळ आलं तर खुशाल दोन उचला. नाही आलं, तर मात्र तो पॅन्ट्रीतल्या पोरालाही देऊ नका.