घरची फुले

वैशाखातले लग्न आणि नागपूरचे ऊन यांचे सख्य नाही. २३ मे २०१३ रोजी येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत मंडपातील फुले दुपारीच माना टाकतात. म्हणून फुलांचे सारेच काम मक्त्याने देण्याची रीत पडली आहे. तीत सोय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मुंडावळ्या व वधूवरांचे हार तरी घरीच गुंफावेत.

सीताबर्डीच्या फुलबाजारातून सकाळीच मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या आणाव्यात. मोगरा सायंकाळी उमलतो. कळ्या ओवून हार ओल्या फडक्यात ठेविले, म्हणजे गोरज मुहूर्तावर ते गळ्यातच फुलतात.

गेल्या वर्षी आमच्या आप्तांकडे, वाटणीवरून अबोला धरलेल्या दोन जावा एकाच परातीतील कळ्या ओवावयास बसल्या. एकीचा दोरा संपला. दुसरीने न बोलता आपले रीळ पुढे केले. पंगतीच्या वेळी 'जाऊबाई' अशी हाक आमच्या कानी आली.

यजमानीणबाईंनी परात मध्ये ठेवावी, आणि तिच्याभोवती कोणास कोणाशेजारी बसवावयाचे, याचा विचार मात्र आदल्या रात्रीच करून ठेवावा.