निकालाच्या दिवशी तिच्याजवळ कोण बसणार?

आयव्हीएफच्या एका फेरीत साधारण आठ ते चौदा दिवस रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात. मग भूल देऊन बीजं काढायची, तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडायचा आणि रक्ततपासणीपर्यंत सुमारे दोन आठवडे जीव मुठीत धरून थांबायचं. एवढं सोसून अनेकींना ‘निगेटिव्ह’ हा निकाल कळतो मोबाइलवरच्या मेसेजने, कधी ऑफिसात, कधी भर लोकलमध्ये. पुढची फेरी कधी, हे विचारणारा फोन येतो. ‘ताई, कशा आहात?’ विचारणारा येत नाही. हे आता थांबलं पाहिजे.

२०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने समुपदेशन ही उपचार केंद्रांची जबाबदारी ठरवली आहे. सह्या घेताना घाईने उरकलेली माहिती म्हणजे समुपदेशन नव्हे.

केंद्रचालकांनो, प्रत्येकीला एक ठरलेली सिस्टर द्या. इंजेक्शन कसं घ्यायचं, हे तिने न कंटाळता शिकवावं. पोट फुगणं, लघवी कमी होणं, धाप लागणं ही औषधांनी अंडाशय जास्त उत्तेजित झाल्याची लक्षणं असू शकतात. त्यासाठी रात्रीही उचलला जाईल असा नंबर द्या. निकाल समोर बसवून सांगा. आठवड्याने पुन्हा विचारपूस करा.

घरच्यांनो, ‘काही आहे का?’ हा प्रश्न बंद करा. ‘टेन्शन घेतेस म्हणून राहत नाही’ हेही बोलू नका. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मनाच्या ताणामुळे आयव्हीएफ फसतं असं आढळलं नाही. मूल न होण्याचं कारण पुरुषातही असू शकतं. सोनोग्राफीला नवऱ्याने सोबत जावं. हळदीकुंकवाला, बारशाला तिला मानाने बोलवा. ती आली नाही तर रुसू नका.

आणि मैत्रिणींनो, रडू येण्यात कमीपणा नाही. मन फार खचलं, जगणं नकोसं वाटलं, तर टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

उपचार सुरू करणाऱ्या प्रत्येक जोडप्याला कळकळीची विनंती: यशाचे आकडे विचाराल तेव्हा ‘निकाल वाईट आला तर आमच्याजवळ कोण बसेल?’ हेही विचारा. उत्तर मिळाल्याशिवाय पैसे भरू नका.