चमत्कार वगैरे काही नसतं हो!

छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं आणि वैमानिकाने ते शेतात किंवा रस्त्यावर सुखरूप टेकवलं, की च्यानलवाल्यांचे दोन शब्द ठरलेले. 'चमत्कार' आणि 'देवदूत'. जाम डोक्यात जातात हे शब्द!

मुळात इंजिन गेलं म्हणून विमान दगडासारखं खाली पडत नाही. विमानाला तोलून धरतात ते पंख. सेसना १७२ हे चार सीटचं साधं विमान घ्या. इंजिन बंद पडलं की वेग साधारण ६५ नॉट्स, म्हणजे ताशी १२० किलोमीटर राखायचा. वारा नसेल तर दर हजार फुटांमागे ते जवळजवळ पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. ३००० फुटांवर असाल तर आठेक किलोमीटर आणि चारेक मिनिटं हातात आहेत. तेवढ्यात जागा हेरायची. हे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाकडून घोटून घेतात. प्रशिक्षक मध्येच थ्रॉटल मागे ओढतो आणि विचारतो, बोल, आता कुठे उतरशील?

खरा घात करतो तो मोह. टेक-ऑफनंतर लगेच इंजिन गेलं की मागचा रनवे खुणावतो. पण वळताना उंची झपाट्याने जाते, कललेल्या विमानाचा स्टॉल स्पीड वाढतो, आणि स्टॉल झालं की सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. म्हणून नियम सोपा आहे : उंची कमी असेल तर नाकासमोर उतरा. विमान मोडलं तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, एका शब्दावरून एवढं काय भांडायचं? तर भांडायचं अशासाठी, की चमत्कार म्हटलं की चौकशीची गरजच संपते.

मार्च २०१५ मध्ये हॅरिसन फोर्डचं १९४२ सालचं रायन विमान सांता मोनिकाहून उडाल्यावर बंद पडलं. रनवे गाठता येणार नाही हे कळल्यावर त्याने ते गोल्फ कोर्सवर उतरवलं. इंडियाना जोन्स वाचला, सगळे खूश! पण तपासात काय निघालं? कार्बुरेटरमधला एक जेट आट्यांतून सुटला होता. शिवाय खांद्याचा पट्टा नीट बसवलेला नव्हता, म्हणून फोर्डला जास्त लागलं. कंटाळवाणं आहे ना? पण पुढचा माणूस वाचणार तो या कंटाळवाण्या ओळींमुळेच.

आणि देवदूत? ऑगस्ट २०१७ मध्ये लिस्बनजवळ एक सेसना १५२ इंजिन गेल्यामुळे गर्दीच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरलं. विमानातले दोघेही सुखरूप. वाळूवरचे दोन जण मात्र गेले, त्यात एक लहान मुलगी होती. विमानातले लोक वाचले एवढ्यावरच हिशेब मांडायचा, तर हेही लँडिंग 'यशस्वी'च म्हणावं लागेल. समुद्र की वाळू, हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि देवदूताला कोणी प्रश्न विचारत नाही.

आपल्या आयटीत तरी वेगळं काय आहे? रात्री तीनला सर्व्हर उठवणाऱ्याला अवॉर्ड मिळतं, आणि तो पडूच नये म्हणून सहा महिने खपलेल्याचं नावसुद्धा मॅनेजरला आठवत नाही!

असो. सुखरूप उतरणाऱ्या वैमानिकासाठी टाळ्या जरूर वाजवा. पण त्या त्याच्या सरावासाठी असू द्या. आणि इंजिन का बंद पडलं, हे विचारल्याशिवाय च्यानल बदलू नका.