उताराची सायकल
कॅनडातील व्हिस्लरच्या डोंगरावर, जेथे ओलसर मुळ्या, सुटे दगड आणि अकस्मात येणारी वळणे चाकांपुढे क्षणोक्षणी उभी ठाकतात, तेथे भरधाव उतरू इच्छिणाऱ्याने एंड्युरो सायकल निवडताना वजनाच्या हिशेबापेक्षा बांधणीकडे अधिक लक्ष पुरवावे. सुमारे १६० मिलिमीटर दबणारे सस्पेन्शन, ६४ अंशांच्या आसपास कललेली हँडलखालची नळी आणि चार पिस्टनांचे डिस्क ब्रेक ही त्रयी लाभली, म्हणजे वेगातही ताबा शाबूत राहतो. ॲल्युमिनियमची फ्रेम कार्बनहून काहीशी जड खरी. परंतु दगडाच्या तडाख्याने तिला आलेला पोचा बहुधा उघड दिसतो, किंमत माफक असते, आणि वाचलेली रक्कम उत्तम टायरांच्या कामी येते. तस्मात्, उतार हेच ज्याचे ध्येय, त्याने निःशंकपणे ॲल्युमिनियम पसंत करावे.