बापानं गेटाच्या आत यावं



जून उजाडला की महाडच्या एसटी स्टँडावर आपली पोरं दिसायला लागतात. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, चार फोटो. कुणी पोलादपूरच्या खोऱ्यातनं पहिल्या गाडीनं उतरलेलं, कुणी बिरवाडीकडनं आलेलं. विचारा त्याला, कुठं चाललास? सांगतो, अॅडमिशनला. कुठल्या कॉलेजात? सांगतो, जिथं मिळंल तिथं.

या तीन शब्दांवर आजचं हे संपादकीय आहे. जिथं मिळंल तिथं.

प्रस्थापितांच्या घरातलं पोर असं बोलत नाही. त्याच्या घरी आठवीपासूनच खल चाललेला असतो. मामा पुण्याला, आत्या ठाण्याला, बापाचा मित्र कुठल्या तरी कॉलेजात प्राध्यापक. सुट्टीत पोराला गाडीत घालून चार कॉलेजं दाखवून आणतात. प्रयोगशाळा बघतात, होस्टेलच्या मेसमधे जेवून बघतात. मग घरी येऊन ठरवतात. आमच्या पोराला कॉलेज बघायचं असतं हेच ठाऊक नसतं. ते थेट रांगेत उभं राहतं. तो निवडत नाही, लोटला जातो. आणि तीन वर्षांनी गळाला की हेच लोक म्हणायला मोकळे, यांना सवलती देऊन काय उपयोग!

आता रांगसुद्धा राहिली नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. पोर सायबर कॅफेत जातं. तिथला माणूस विचारतो, कॉलेजं सांग, दहापर्यंत टाकता येतात. पोराला दोन ठाऊक. बाकीची तो माणूसच भरतो, जी त्याच्या तोंडपाठ असतात ती. पण नियम असा आहे की पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथंच प्रवेश घ्यायचा. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतनं बाहेर. म्हणजे ज्या कॉलेजाचा दरवाजा पोरानं बघितला नाही, ज्याच्या गावाला शेवटची एसटी कधी जाते हे ज्याच्या बापाला माहीत नाही, ते एका बोटाच्या टिचकीनं त्याच्या कपाळी लागतं. पोराच्या आयुष्याचा पसंतीक्रम सायबरवाला ठरवतो. ही काय लोकशाही झाली?

आपल्यात एक समज रुजलाय. शिकणं हे पोराचं काम, बापाचं काम पैसे आणायचं. आमचे आय-बा म्हणतात, आमाला काय कळतंय त्यातलं? मी म्हणतो, कळायला पाहिजे आणि कळू शकतं. आपल्या इतिहासातच याचा दाखला आहे.

सुभेदार रामजी सकपाळ. गाव आंबडवे, मंडणगड तालुका, महाडापासून फार लांब नाही. पेन्शनीतला माणूस. पोरं घेऊन साताऱ्याहून मुंबईला आला. लोअर परळच्या चाळीत एक खोली. धाकट्या भीमाला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातलं. दोघांना शिकवणं झेपेना, म्हणून थोरल्या आनंदाला शाळा सोडून कामाला लागावं लागलं. भीमाला पुस्तक हवं असलं की रामजी लग्न झालेल्या पोरींच्या दारात जायचे. उसने पैसे मिळाले तर ठीक. नाही मिळाले तर पोरीचा दागिना मागून घ्यायचा, मारवाड्याकडे गहाण टाकायचा, पुस्तक आणायचं आणि पेन्शन आली की दागिना सोडवायचा. खोलीत जागा नाही, गलका फार. म्हणून पोरानं लवकर झोपायचं, बापानं रात्री दोनपर्यंत जागायचं आणि मग पोराला अभ्यासाला उठवायचं.

लोक म्हणतात, बाबासाहेबांची बुद्धी असामान्य. खरंच आहे. पण त्या बुद्धीला रात्री दोन वाजता उठवणारा कुणीतरी होता, हे आपण विसरतो. १९०७ साली मॅट्रिक झाली. पुढं कॉलेजचं काय? तिथं दुसरा माणूस पुढं आला. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा पोरगा त्यांनी हेरला होता. बापाची पेन्शन कॉलेजला पुरणार नाही हे दिसल्यावर त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली पोरगा बी.ए. झाला. एक रामजी, एक केळुसकर. एक घरातला, जो झिजतो. एक बाहेरचा, ज्याला दरवाजे ठाऊक आहेत. कॉलेजपर्यंत पोहोचायला ही दोन माणसं लागतात.

आणि आपलं महाड? या गावात दरवाजे काय सहज उघडले? लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, पुढं कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेले ते. १९१४ साली अकरा वर्षांचं पोर. शिष्यवृत्ती मिळवलेली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेनं प्रवेश नाकारला. वर्तमानपत्रातून बोभाटा झाला तेव्हा कुठं दार उघडलं. त्याच मोऱ्यांनी १९२७ ची महाडची परिषद उभी करायला रान उठवलं. २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं ती माणसं याच खोऱ्यांतनं चालत आली होती. आणि त्याच महाडात १९६१ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर कॉलेज उभं राहिलं. पोलादपुरात सुंदरराव मोरे कॉलेज आहे. महाड-माणगावच्या मधे लोणेरे इथं १९८९ च्या कायद्यानं बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. केमिकल, पेट्रोकेमिकलचं इंजिनियरिंग तिथं शिकवतात. आणि इकडं महाडच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपन्यांची रांग. आमची पोरं तिथं काय करतात? ठेकेदाराकडं ड्रम ढकलतात. लोणेऱ्याचं गेट हायवेवरनं दिसतं. मुंबईला जाताना-येताना आमच्या हजारो बापांनी ते एसटीच्या खिडकीतनं पाहिलंय. आत किती गेले?

माझंच सांगतो. मी गोदीतला ठेक्यावरचा हमाल. शिक्षण दहावी पास. दहावीनंतर बा माझ्यासोबत एका कॉलेजला आला होता. गेटापाशी थांबला. म्हणाला, "बाबू, तू जा आत. मी हितंच हाय." पायात तुटकी चप्पल, अंगात बिगाऱ्याच्या कामाचा सदरा. त्याला वाटलं, आपल्याला बघून पोराची किंमत कमी होईल. मी एकटा खिडकीवर गेलो. आतल्या माणसानं कागद उलटेपालटे केले आणि परत सरकवले. म्हणाला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला नाही, पुढचा या. बास. पंधरा वर्षांच्या पोराला त्यातनं एवढंच कळलं की हे आपल्यासाठी नाही. बा तलाठ्यापुढं, मुकादमापुढं आयुष्यभर बोललेला माणूस. तो आत असता तर त्यानं विचारलं असतं, साहेब, दाखला आणून देतो, तवर पोराचं नाव ठिवता का? या एका प्रश्नाला इंग्रजी लागत नाही. पण तो गेटाबाहेर होता. दुसऱ्या दिवशी खाडा करायला सवड नव्हती. श्रावण लागायच्या आत मी मुंबईला चुलत्याच्या खोलीवर होतो.

हा बाप गेटाबाहेर का थांबतो? त्याला कुणी अडवलेलं नसतं. वॉचमनही काही बोलत नाही. तरी पाय उचलत नाही. पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर राहिलेल्या माणसाला वेस दिसली की तो थांबतो. ही वेस आधी मोडली पाहिजे. पाण्याला हात लावायला आपले आजे-पणजे गेले, तेव्हा त्यांच्या अंगावर कुठं इस्त्रीचे कपडे होते?

म्हणून आमचं म्हणणं असं. दहावी-बारावीचा निकाल लागायच्या आधी, उन्हाळ्यातच, आय-बापानं एक खाडा करावा आणि पोराबरोबर कॉलेज बघायला जावं. निकालानंतर घाई असते, घाईत माणूस फसतो. एक दिवसाची मजुरी बुडेल. पण चुकीच्या कॉलेजात एक वर्ष बुडालं तर किती मजुरी बुडते, याचाही हिशोब करा. आत जाऊन इमारतीचा रंग बघू नका. विचारा. शिकवायला कायम मास्तर किती, तासिकेवर किती? प्रयोगशाळेत पोरं हातानं प्रयोग करतात की नुसतं वहीत उतरवतात? शिष्यवृत्तीचे अर्ज बघणारा क्लार्क कोण, कुठल्या टेबलावर बसतो? गेल्या वर्षी आपल्या समाजातली किती पोरं आली आणि किती मधेच गेली? शेवटची एसटी किती वाजता? पोरगी असेल तर हा प्रश्न पहिला. कारण आपल्याकडं पोरीचं कॉलेज बाप निवडत नाही, शेवटची एसटी निवडते. मुलींचं होस्टेल आयनं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं, तर पोरीला पोलादपूरच्या पुढं पाठवायला तिचा जीव धजेल.

पैशाचंही बोलू. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. अनुसूचित जातीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्याच्या वर असेल तर फ्रीशिप आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरात ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. पैसे उशिरा येतात, रडवून येतात, तरी ते आपले आहेत. आणि एक गोष्ट डोक्यात ठेवा. एजंट येतो, म्हणतो, कशाला फेरीबिरी, डायरेक्ट सीट देतो. मॅनेजमेंट कोट्यातल्या त्या सीटला शिष्यवृत्ती नाही. सरकारी फेरीतनं गेलात तरच मिळते. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचं पोट त्यावर आहे.

कागदांची तर वेगळीच तऱ्हा. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आज्याचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. अरे, ज्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नाही, त्याचा दाखला कुठनं आणायचा? पण शिव्या देऊन पोराचा प्रवेश होत नाही. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकाची नक्कल, जुनी वतनाची कागदं, यात आपली माणसं सापडतात. ज्या महारकीनं आपल्याला राबवलं, तिचाच कागद आज कामाला लावायचा. हे शोधणं पोराचं काम नाही, बापाचं आहे. पोर अकरावीला सायन्सला गेलं की लगेच कॉलेजमार्फत जातपडताळणीचा प्रस्ताव टाकायचा. बारावीचा निकाल हातात आल्यावर धावाधाव केली तर सीट जाते.

आणि मोठ्या कॉलेजात गेलं म्हणजे पोर सुटलं असंही नाही. हैदराबादला जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला. मुंबईत मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. २०१९ साली राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांनी सुप्रीम कोर्टाचा दरवाजा ठोठावला, की कॉलेजांतला जातिभेद थांबवा. आपलं लेकरू गेल्यावर त्या इतरांच्या लेकरांसाठी उभ्या राहिल्या. त्यांच्यापासून आपल्या आय-बापांनी एवढं तरी घ्यावं. प्रवेशाच्याच दिवशी विचारावं, इथं माझ्या पोराला कुणी जातीवरनं बोललं तर तक्रार कुणाकडं करायची? त्या माणसाचं नाव सांगा. ज्या कॉलेजला आपला बाप ओळखीचा आहे, तिथं पोर एकटं पडत नाही.

आता शेवटचं, तुमच्या-माझ्यासाठी. आपण मुंबईतली पोरं. वडाळ्याला, चेंबूरला, घाटकोपरला आपल्या खोल्या आहेत. मोर्च्याला आपण हजार जण गोळा होतो. गावाकडचं एक पोर आणि त्याचा बाप दोन दिवस खोलीवर उतरवून त्यांना चार कॉलेजं दाखवायला मात्र कुणाला वेळ नसतो. रामजी आपल्या वाड्यावाड्यांत अजून आहेत, रात्री दोनपर्यंत जागायला तयार आहेत. कमी आहेत ते केळुसकर. त्यासाठी पदवी लागत नाही. मी दहावी आहे, तरी लोकल कुठं बदलायची आणि समाजकल्याणचं ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे हे मला ठाऊक आहे. तेवढं पुरतं.

या मे महिन्यात महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या प्रत्येक वस्तीत आपल्यातल्या एकानं जायचं. दहावी-बारावीच्या पोरांची यादी करायची. कुणाचे कुठले कागद नाहीत ते लिहून घ्यायचं. आणि त्यांच्या बापांना घेऊन लोणेऱ्याच्या, महाडच्या, मुंबईच्या कॉलेजांत जायचं. बाप गेटापाशी थांबला तर हाताला धरून आत न्यायचं.

जयभीम.